त्याच शब्दापाशी

कपाट आवरताना माइकवरचा जुना काळा स्पंज हाती लागला. नाकाशी नेला तर अजून कोळशाच्या धुळीचा वास येत होता, आणि कन्हानची ती दुपार आठवली. खाणीत छत कोसळून एक मजूर गेला होता. त्याची बायको दाराशी बसली होती. "डबा तसाच वापस आला," एवढं म्हणून ती थांबली, पदर डाव्या डोळ्याला लावला आणि रडली. कॅमेरामननं मान हलवली, आवाज आलाच नव्हता. मी तिला पुन्हा सांगायला लावलं; आमच्या धंद्यात ते रोजचंच. ती पुन्हा त्याच शब्दापाशी थांबली, पदर पुन्हा त्याच डोळ्याला गेला. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाई पढवलेली दिसते. कुणी पढवली, युनियननं की खाणवाल्यांनी? नवरा खरंच गेला ना, हेसुद्धा मी शेजाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं. मग मी तिलाच दरडावलं, "हे असं बोलायला कोणी शिकवलं तुम्हाला?" ती घाबरली. "सकाळी तुमच्यासारखेच माइकवाले आले होते ना भाऊ. त्यायनंच सांगतलं, डब्याचं बोलून थांबा, मंग पदर लावा. मी तसंच करून राहिली. काहून, चुकलं काय?" आज टीव्हीवर कुणी रडलं की मला आधी माइक धरणाऱ्याचा संशय येतो. येणारच. "नाही, बरोबर आहे," असं म्हणून मीच तिला तिसऱ्यांदा रडायला लावलं होतं.