पंधरा मिनिटांचं इंजेक्शन

"गोळ्या इकडे दे," मी फौजदाराच्या थाटात म्हणाले. रेखाने मुकाट्याने मॉर्फिनची स्ट्रिप माझ्या हातावर ठेवली.

तेव्हा मी कॅन्सरच्या पेशंटना घरी जाऊन बघणारी नर्स होते. नागपूरला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग झालं होतं, आणि ते थेट डोक्यात गेलं होतं. सौंदडच्या पुढे रेखाचं घर. तिचे सासरे नामदेवबाबा, कॅन्सर मणक्यात उतरलेला. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी चालू होती. तरी मध्येच एखादी कळ उसळते, तिला आम्ही ब्रेकथ्रू पेन म्हणतो. तिच्यासाठी एक जास्तीची गोळी असते, तो रेस्क्यू डोस.

रेखाचा गुन्हा एवढाच, की बाबांना सकाळी संडासला न्यायच्या अर्धा तास आधीच ती हा डोस देत होती.

"दुखायच्या आधीच काऊन देतेस?"

"बाई, उठवलं का दुखतेच. गोळी चढाले अर्धा तास लागते. म्हणून आधीच देऊन राहिली."

"नर्स तू का मी?"

"तुम्हीच," ती म्हणाली.

मग मी ती जास्तीच्या गोळ्यांची स्ट्रिप पर्समध्ये टाकली आणि हुकूम सोडला : चार तासांची गोळी चालू, ही बंद. दुखलं की मला फोन करायचा, मी येऊन कातडीखाली इंजेक्शन देईन. पंधरा मिनिटांत आराम. मी राहायचे सडक अर्जुनीला, ही बारीकशी गोष्ट हिशेबात धरली नाही.

पहिल्या दिवशी फोन आला. बसची वाट, बस, मग पायी, असे दोन तास गेले. पोचले तोवर कळ ओसरली होती. तरी मी इंजेक्शन टोचलंच. बाबा दिवसभर गुंगीत, आणि फाइलमध्ये माझ्या सुवाच्य अक्षरात : 'वेदना शमली.'

पुढे दोन दिवस फोन नाही. मी स्वतःवर खूश.

चौथ्या दिवशी गेले, तर रेखा म्हणाली, "बाबा जेवूनच नाही राहिले."

"काय बाबा, भूक नाही?"

"भूक आहे ना बाई. पण जेवलो का मंग जावं लागते. उठाचा धाक वाटते, म्हणून खातच नाही."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन करून गोळी-इंजेक्शनचं सांगितलं. ते म्हणाले, "उठवलं की दुखतं हे माहीत आहे, तर गोळी आधीच द्यायची. सून बरोबर करतेय. गोळी गिळता येईना, उलट्या होऊ लागल्या, की मग इंजेक्शन. तुम्हाला पोचायला किती वेळ लागतो?"

"दोन तास."

"म्हणजे तुमचं इंजेक्शन सव्वादोन तासांचं. किती दिवस बंद होती गोळी?"

"एकच दिवस, सर."

रेखा शेजारीच उभी होती. तीन दिवस तिने मोजले होते; तिने माझ्याकडे बघितलं. मी स्ट्रिप परत दिली. तिने एक गोळी बाबांना दिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि भात टाकायला आत गेली.

बाबा दिवाळीपर्यंत होते. रोज उठत, रोज जेवत. इंजेक्शन गोळीपेक्षा लवकर लागू पडतं, हे आजही खरं आहे. फक्त गोळी उशाशी होती, आणि इंजेक्शन बसस्टँडवर.