टाकांतला बिल्ला
भिजवलेल्या चिंचेचा आंबट वास आला की मला कडेगावच्या आमच्या घराची ओसरी दिसते. भाऊ सीमेवर मारला गेला आणि त्याच्या स्मारकाला जागा मिळेपर्यंत सहा वर्षं गेली. दगडावर पलटणीचं चिन्ह कोरायला आलेल्या पाथरवटानं नमुन्यासाठी भावाच्या टोपीवरचा पितळी बिल्ला मागितला. आईनं तो देवघरातून आणला. तिनं तो देवांच्या टाकांत ठेवला होता आणि टाकांबरोबर रोज चिंच-राखेनं घासला होता. पाथरवटानं बिल्ला उजेडात धरून खालीवर केला आणि हळूच म्हणाला, "आवं मावशी, ह्याच्यावर तर काईच न्हाई. काय व्हतं, आठवतंय का?" आई म्हणाली, "तो टोपी घालून दारात हुबा ऱ्हायचा तवा मी त्याच्या तोंडाकडं बघायची. बिल्ल्याकडं कोण बघतंय?" मग त्याच पलटणीतून निवृत्त झालेले वडील अंगणात बसले आणि काडीनं मातीत चिन्ह काढू लागले. "हा बुरूज, म्हंजे जागा सोडायची न्हाई. ही तुतारी, म्हंजे हाक आली की निघायचं." पाथरवटानं ते कागदावर उतरवून घेतलं. दगड उभा राहिला त्या दिवशी आईनं त्या कोरीव चिन्हावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "टोचतंय." आता ती दोघंही नाहीत. घरात मुलगा उरला नाही म्हणून देव माझ्याकडं साताऱ्याला आले, त्यांच्यासोबत बिल्लाही आला. टाकांबरोबर मी तोही चिंचेनं घासते. त्यावरचं पुसलं जाईल अशी भीती आता नाही.