दातांनी जुळवलेली गिटार

नामदेव म्हात्रे गिटार जुळवताना तिच्या कडेला दात लावत. डोळे मिटून, मान वाकवून, वरचे दात लाकडावर टेकवून ते एकेक तार छेडत आणि खुंटी पिळत. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या हळदीला. हळदीत वाजवणारी बेंजो पार्टी जेवायला बसली होती, मांडवात कानांना जरा सुट्टी मिळाली होती, आणि हा पन्नाशी ओलांडलेला माणूस टेम्पोच्या मागे एकटाच बसून गिटार चावत होता. ग्रंथपालाची नोकरी केल्यामुळे कोण काय करतंय हे विचारायची मला सवय नाही. पण इथे राहवलं नाही.

"दातानं ऐकतो, सर," ते म्हणाले. "उजवा कान पुरा गेला, डावा अर्धा हाय. सगली उमर स्पीकरच्या पुढ्यात उभा. दुसरं काय व्हनार?"

बेंजो त्यांच्या पोटापाण्याचा, गिटार हौसेची. ऑर्केस्ट्रात जायचं म्हणून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि गिटार घरी राहिली. ती घरी वाजवली तर बायको म्हणे, आता तरी जरा शांत बसा. वरातीत तिचा आवाज कुणाला येणार? "टेम्पोवर गिटार वाजवनं म्हंजे खाडीत गूळ टाकनं," असं ते म्हणाले. पुढे म्हणाले, "माझं एकच हाय, सर. डावा जायच्या आत चार मानसं गप बसून माझी गिटार ऐकतायत, येवढं बघायचंय. मग जाऊ दे तो पन."

गप बसणारी माणसं माझ्याकडे होती. आमचं चर्च लहान. सकाळी पेणला उपासना आणि संध्याकाळी रोह्याला भाड्याच्या हॉलमध्ये, कारण दोन्हीकडे मिळून पाळक एकच. पेटी वाजवणारी पाळकांची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. तेव्हापासून ज्याला जसं झेपेल तसं तो गाई, आणि एकाच गीताचे तीन ठिकाणी तीन शेवट होत.

मी विचारल्यावर नामदेव संकोचले. "मी गनपतीवाला मानूस. पावसाळ्यात हळदी नसल्या की जोहे गावच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारतो. तुमच्या देवाला चालंल?"

"देवाचं सांगता येत नाही," मी म्हणालो. "कमिटीला विचारावं लागेल."

कमिटी म्हणजे सेक्रेटरी उजागरे. सरकारी नोकरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, पण ते त्यांच्यातल्या अधिकाऱ्याला कळवायचं राहून गेलं होतं. पेणच्या मे महिन्यातही ते सूट घालून येत. गीत सुरू झालं की पहिल्या बाकापुढे उभे राहून हात हलवत. याला ते संगीताचं नेतृत्व म्हणत. मंडळी पुस्तकात डोळे घालून गाई. त्या हाताकडे कुणी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. पुढच्या बाकावरच्या बायकांना थोडा वारा लागे, एवढाच त्याचा उपयोग.

"हळदीला वाजवणारा माणूस वेदीशेजारी बसवायचा?" उजागऱ्यांनी विचारलं.

"दुसरा कुणी आहे का?" पाळकांनी विचारलं. दुसरा कुणी नव्हता.

पाळकीणबाईंनी गीतं फोनवर रेकॉर्ड करून दिली. नामदेवांनी ती डाव्या कानाला लावून पाठ केली, आणि पुढच्या रविवारी ते बेंजो पार्टीचा लाल कोट घालून हजर झाले. खांद्यांवर सोनेरी गोंडे, छातीवर चकचकीत बटणं. देवाच्या घरी जायचं तर आपल्याकडचा उत्तम कपडा घालावा, एवढाच त्यांचा विचार होता. उजागऱ्यांचा सूट त्या दिवशी पहिल्यांदाच साधा दिसला. मग नामदेवांनी गिटारीला दात लावले. "अगं, मुका घेतोय तिचा," मार्थामावशी शेजारणीला म्हणाल्या.

पहिलं गीत सुरू झालं. वाजवताना नजर मास्तरच्या हातावर ठेवायची, ही बेंजोवाल्यांची शिस्त. नामदेवांनी मास्तर शोधला आणि त्यांना उजागरे सापडले. दुसऱ्या कडव्याला उजागऱ्यांनी नेहमीसारखं मनगट वर नेऊन दोन वेढे घेतले. ती त्यांची खास नक्षी होती. बेंजो पार्टीत मात्र हात गोल फिरला की त्याचा अर्थ एकच, स्पीड वाढवा. नामदेवांनी वाढवला. पश्चात्तापाचं गीत हळदीच्या ठेक्यात धावू लागलं. बायकांच्या बाकाखाली चपला हलायला लागल्या. गुडघ्यांचं कारण सांगून कायम बसून राहणाऱ्या मार्थामावशी उठून उभ्या राहिल्या. उजागरे घाबरून हात आणखी जोरात फिरवू लागले, आणि नामदेवांनी तेवढा आणखी स्पीड दिला. गीत संपलं तेव्हा सगळ्यांना दम लागला होता, पण शेवट एकाच ठिकाणी झाला होता.

मग दोन मिनिटांची मूक प्रार्थना. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि त्या शांततेत नामदेव एका तारेवर हलकेच वाजवत राहिले.

उपासना संपल्यावर उजागऱ्यांनी त्यांना दारात गाठलं. "म्हात्रे, माझा हात फिरतो तो भावनेनं फिरतो. आणि मूक प्रार्थनेत काहीही वाजत नाही."

"साहेब, आमच्यात गॅप पडली की मारामारी व्हते."

"इथे होत नाही."

"इथे ती वार्षिक सभेत होते," मी म्हणालो.

उजागऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "संध्याकाळी रोह्याला मूक प्रार्थनेत पुन्हा वाजली, तर ही गिटार कायमची बंद. सांगून ठेवतो."

रोह्याच्या गाडीत आम्ही तिघं एकाच डब्यात होतो. उजागरे समोरच्या बाकावर पेपर उघडून बसले. कासू आलं तसं नामदेवांनी खिडकीतून आपलं घर कुठल्या बाजूला ते दाखवलं. मग माझ्याकडे झुकून ते कुजबुजले. म्हणजे आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाची कुजबुज होती ती, सगळ्या डब्याला पुरली.

"सर, त्या गॅपचं मी अर्धंच सांगितलं. सगलं गप झालं का माझ्या कानात शिट्टी चालू व्हते. कुकरची असते ना, तशी. पन ही थांबत नाय. काय वाजत असलं की झाकली जाते. म्हनून गाडीत बरं वाटतं."

"मग हे उजागऱ्यांना सांगायचं."

"काय सांगू? बहिरा वाजवायला ठेवलाय म्हनून? आज तरी चार मानसांनी ऐकली. आता सोडवत नाय, सर. रोह्याला हातावर बसंन मी."

निडीला गाडी सिग्नलसाठी उभी राहिली. डबा एकदम शांत झाला. नामदेवांचा चेहरा आवळला आणि त्यांची बोटं खिडकीच्या गजावर वाजू लागली. समोर उजागऱ्यांचा पेपर तसाच उघडा होता, पण त्याचं पान बराच वेळ उलटलं नाही. गाडी हलली तेव्हा नामदेवांची बोटं थांबली.

रोह्याला सगळी गीतं रीतसर झाली. उजागऱ्यांनी मनगटाची नक्षी गाळली होती. मग पाळक म्हणाले, आपण शांतपणे प्रार्थना करू या. मूक प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची माझी जुनी खोड आहे. माझी श्रद्धा बेताची, त्यामुळे नजरेला काम राहतं. नामदेव खरोखरच दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते. जबडा घट्ट. डोळे शिस्तीप्रमाणे मास्तरच्या हातावर.

उजागरे डोळे मिटून, मान झुकवून उभे होते. डावा हात छातीवर. उजवा हात पँटच्या शिवणीपाशी सरळ सोडलेला, आणि त्या हाताचं एक बोट सावकाश वर-खाली होत होतं.

नामदेवांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या बोटाकडे. त्यांनी एक हात बाहेर काढला, मग दुसरा. एक तार वाजली. बोट थांबलं नाही. पुन्हा वाजली. दोन मिनिटं ते बोट आणि ती तार एकमेकांना धरून चालली.

"आजची प्रार्थना बरी झाली," बाहेर पडताना पाळक म्हणाले.

"उपासनेचा क्रम आहे तोच आहे," उजागरे म्हणाले. त्यावर ते पुढेही कधी काही बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत नामदेव खुशीत होते. "चार नाय, सर. सगली गप होती."

"ती प्रार्थना करत होती."

"मना काय त्याचं? गप होती ना?"

पुढे त्यांचा डावा कानही गेला. शिट्टी मात्र गेली नाही. गिटार ते दातांनी जुळवत, आणि सुरुवात, शेवट, चाल सगळं उजागऱ्यांच्या हातावरून घेत. तो हात आता सुटसुटीत हलत असे. साहेब घरी आरशासमोर तयारी करतात, असं त्यांच्या पत्नीनं मार्थामावशींना सांगितलं आणि मार्थामावशींनी सगळ्यांना. इतकी वर्षं हलणाऱ्या त्या हाताला एक बघणारा मिळाला होता. मी एकदा नामदेवांना कागदावर लिहून विचारलं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, "साहेबांचा हात ऐकू येतो मना."

गेल्या पावसाळ्यात नामदेव झोपेतच गेले. आम्ही त्यांच्या गावी जाऊन आलो. उजागरे सूट घालूनच आले होते. चिखलात गुडघ्यापर्यंत भरले, पण परत निघायची घाई त्यांनी केली नाही.

त्यानंतरच्या रविवारी गीतं पुन्हा ज्याला जशी झेपतील तशी झाली. वेदीशेजारची खुर्ची कुणी हलवली नव्हती. मूक प्रार्थना सुरू झाली आणि मी सवयीनं डोळे उघडे ठेवले. चर्चमध्ये कुठेही आवाज नव्हता. उजागरे मान झुकवून, डोळे मिटून उभे होते. पँटच्या शिवणीपाशी त्यांचं बोट हलत होतं.