वाकणाचा तळ

बाबांचा उजवा हात लकव्याने गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा काकाच्या बोटीची एक फासळी कुजलेली निघाली. बोटीच्या पोटातली फासळी सरळ फळीतून कापत नाहीत. झाडावरच तशी वाकलेली फांदी लागते. बाबांनी बाभळीची तशी एकच फांदी पाचूबंदरच्या घरामागे पत्र्याखाली जपून ठेवली होती. नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर. ही फांदी बिघडली तर काकाची बोट किनाऱ्यावरच राहणार.

"तू कर, बाय," बाबा मला म्हणाले. फांदीचं वाकण, म्हणजे तिचा आतला बाक, तासून साफ करायचं होतं. मी बँकेत कारकून. सुतारकाम लहानपणी पाहिलेलं, पण स्वतः साधा पाटही कधी केलेला नाही.

हत्यारांची पेटी उघडली. हात आधी लाकूड तासायच्या वाकसाकडे गेला, म्हटलं निदान सुताराची मुलगी तरी दिसेन. बाबांनी मान हलवली. "पाय तोडशील." रंधा लावून पाहिला, तर तो वाकणाच्या दोन कडांवर टेकून राहिला, तळाला शिवेचना. सपाट पटाशीचे कोपरे रुतायला लागले. उरली गोल पटाशी आणि अर्धगोल कानस. "कानशीचा गोल वाकनापेक्षा बारका पायजे," बाबा म्हणाले, "मोठा असंल तर कडाच खात बसंल." तीन कानशी लावून पाहिल्या आणि बारकी निवडली. निवडण्यात मी चांगला तास घालवला, कारण तेवढा वेळ कापावं लागत नव्हतं.

मग गोल पटाशी घेतली. वरून उतरत तळापर्यंत छान पातळ साल निघाली, आणि हात थांबलाच नाही. माझा हात मासळीला सरावलेला. खवलं काढताना सुरी शेपटीकडून डोक्याकडे, उलटीच चालते. तसाच तो तळ ओलांडून, लाकडाच्या रेषांविरुद्ध वर चढला. कर्रर्र! एक ढलपी उचलली गेली आणि तिच्याखाली केसाएवढी चीर दिसली. आता काकाला तोंड कसं दाखवू?

बाबांनी डाव्या हाताचं नख चिरेवरून फिरवलं.

"वरवरची हाय," ते म्हणाले. "आता पलीकडून उतर. दोन्हीकडून तळाला यायाचं, तळातून वर जायाचं नाय. चीर कानशीनं काढ."

कानस धरली, पण हात थरथरत होते. लहानपणी काम वाकणाच्या तळाशी आलं की बाबा मला हमखास चहा आणायला पिटाळायचे. परत येईस्तोवर वाकण तयार असायचं. मला वाटायचं, तिथे काहीतरी गुपित आहे, जे मुलीला दाखवायचं नाही.

"बाबा, तुम्ही आत जाऊन चहा सांगा ना," मी म्हणाले.

ते जागचे हलले नाहीत. मग हसले, लकव्यामुळे अर्ध्याच तोंडाने. "तुला चायला धाडायचो ना, तवा माजे हात असेच कापायचे. तू बगू नये म्हनून."

त्यांनी डावा हात लाकडावर दाबून धरला. "मी नाय जात. तू घास."

चीर निघायला संध्याकाळ झाली. तोवर त्यांनी तो हात काढला नाही.