बसलेल्या बाबांची फिल्म

अकरावीतल्या त्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. जेवायला बसली तरी तिचे पाय हलत असायचे. तिला ॲनिमेशन करायचं होतं. काका म्हणायचे, आधी पोटापाण्याचं बघ, चित्रं काय रविवारीही काढता येतात. आईने मात्र स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल तिला मोकळं करून दिलं.

एक स्टुडिओ सुटीत शाळा-कॉलेजातल्या मुलांना शिकायला घेत असे. भिंगरी आपली फिल्म घेऊन गेली. माकड उड्या मारतंय, कुत्रा धावतोय, छत्री उडतेय. तिथल्या मॅडमनी ती दोनदा बघितली.

"हात चांगला आहे तुझा. पण इथे कुणी क्षणभर थांबतच नाही. एक बसलेला माणूस करून आण. बसलेला, पण जिवंत."

भिंगरी वैतागली. नुसतं बसलेल्या माणसात काढायचं काय? कागदांवर कागद चुरगळले. मग एका दुपारी तिचं लक्ष बाबांकडे गेलं.

बाबा एका कारखान्यात क्रेन चालवायचे. कारखाना बंद पडल्यापासून ते बनियनवर खिडकीशी बसून कामाच्या फोनची वाट बघत. फोन वाजलेला नसतानाही हात तिकडे जायचा, अर्ध्यावर थांबायचा आणि गुडघ्यावर परत यायचा. भिंगरीने तेवढंच काढलं. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून, प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा केसभर वेगळं. मान अवघडली, डोळे चुरचुरले, पण ती उठली नाही.

झालेली फिल्म ती आईला मोबाइलवर दाखवत होती, तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले.

"मी असा दिसतो?"

भिंगरीने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. हे बाहेर कुणाला दाखवायचं नाही, एवढं सांगून बाबा चपला अडकवून निघून गेले.

स्टुडिओत परत जायचा दिवस तोंडावर आला होता. भिंगरीने माकडाला बसवून बघितलं. ते भुसा भरल्यासारखं दिसायला लागलं. न सांगता ती फिल्म नेली तर बाबांना कळणारही नव्हतं. हा विचार मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली. बाबाही घरात टिकत नव्हते. आले की पाणी पिऊन पुन्हा बाहेर.

शेवटी तेच टेबलाशी आले.

"ने ती फिल्म. पण बनियनवर नको. शर्ट घाल मला."

"बाबा, सगळी चित्रं पुन्हा काढावी लागतील."

"मग काढ. चारचौघांत जायचंय मला."

हसावं की रडावं, तिला कळेना. आता प्रत्येक चित्रात कॉलर आली, बटणं आली, हाताबरोबर सरकणारी बाहीची घडी आली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले आणि हात अर्ध्यावर धरून, बरोबर आहे ना, असं विचारत राहिले.

स्टुडिओने तिला घेतलं. मॅडमनी विचारलं, हा माणूस कुणाच्या फोनची वाट बघतोय? भिंगरीने खरं ते सांगितलं.

बाबांना अजून काम मिळालेलं नाही, पण आता ते स्वतःच गोदामांच्या दारोदार विचारत फिरतात. काकांचं पालुपद चालूच आहे. भिंगरी चालणारा माणूस काढायला शिकतेय. चित्रातल्या माणसाची टाच टेकते, पण अंगाचं वजन काही तिच्यावर पडत नाही. मग ती रस्त्यात अनोळखी माणसांच्या मागे, त्यांच्या पायांकडे बघत चालत राहते, आणि घराचं वळण कधी मागे पडलं ते तिला कळतही नाही.