शेखचं धनुष्य आणि गच्चीवरची टाकी

सांगतो, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. हसताना सांडलात तर सतरंजी मला धुवावी लागते.

रियाधला अल मलाझमध्ये सुतारकाम करायचो तेव्हाची गोष्ट. कार्ड खरवडून घरी फोन लावायचे ते दिवस. खाली आमचं फर्निचरचं वर्कशॉप, वर आम्हा कामगारांच्या खोल्या, गच्चीवर पाण्याची टाकी. सगळ्याचा मालक एकच, माझा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी तिथे होतो तो, अबू सालेम. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि इकडे गुहागरला माझं लग्न ठरलेलं! त्याने सुट्टी दिली की मी विमानात.

अबू सालेम मूळचा दक्षिणेकडच्या अभा शहराजवळच्या डोंगरातला. एकदा गावाहून लाकडाचा एक दांडका घेऊन आला. तिथल्या अरारच्या झाडाचा, म्हणजे इंग्रजीत ज्युनिपर म्हणतात ना, त्याचा. सरळसोट, एक गाठ नाही, तडकू नये म्हणून दोन्ही टोकांना चरबी फासलेली.

"माझे आजोबा याचीच धनुष्यं करायचे," तो म्हणाला. "तू लग्न करून आलास की नातवासाठी एक करू. तोवर नीट सांभाळ."

मी छाती फुगवून म्हणालो, "शेख, पिढीजात सुतार आहे मी! लाकडाला घाई चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको."

हे वाक्य लक्षात ठेवा हं.

शेख गेल्यावर मी दांडका हुंगला. काय घमघमाट! म्हटलं, एवढा वास मारतंय म्हणजे लाकूड ओलं आहे. आणि ओल्या लाकडाचं आम्ही कोकणात काय करतो? कीड लागू नये म्हणून तळ्यात बुडवून ठेवतो. आता रियाधमध्ये तळं कुठून आणू? चरबी खरवडून काढली, दांडक्याला दगड बांधला आणि दिला सोडून टाकीत! झाकण लावलं आणि लग्नाच्या खरेदीत साफ विसरलो.

काही दिवसांनी माझ्या खोलीतले हमीदभाई, श्रीवर्धनचे, सकाळचा चहा प्यायले आणि थू करून थुंकले.

"सुऱ्या, काय घातलंस यात?"

"मी? चहा तुम्ही केलात!"

नळ सोडून बघितला. पाणी तांबूस, वास औषधासारखा. वास ओळखीचा वाटत होता, पण घाबरलेल्या माणसाचं डोकं चालतं का?

"हमीदभाई, विष! टाकीत कुणीतरी विष कालवलंय!"

"गप रे, माणसं घाबरतील."

"घाबरू देत! मी तांब्याभर प्यायलोय! हात बघा माझे, गार पडले. अहो, माझं लग्न व्हायचंय अजून!"

झालं! सगळी बिल्डिंग जिन्यात. कुणी ओकतोय, कुणी दुवा मागतोय, आणि सगळ्यांत मोठ्याने बोंबलतोय कोण? मीच! शेख धावत आला, तर मी त्याची बाहीच धरली.

"पोलीस बोलवा, शेख! ज्याने हे केलं त्याला देशाबाहेर जाऊ देऊ नका! पासपोर्ट अडकवून ठेवा त्याचा!"

शेख गच्चीवर गेला, मागोमाग आम्ही. त्याने झाकण उचललं, हात घातला. दोर वर आला, दगड आला...

आणि तेव्हा मला आठवलं! वाटलं, संपलं सगळं. आता जेल. खलास!

शेखने दांडका मांडीवर घेतला, लहान मूल घ्यावं तसा. हळूच म्हणाला, "आमच्या घरात सावलीत कित्येक वर्षं वाळत होतं हे. अरारचा वास वाळल्यावरही जात नाही. आता फक्त तासायचं बाकी होतं."

"शेख, चुकलो," मी रडकुंडीला आलो. "पण माझी सुट्टी..."

"देणार ना. हे पुन्हा वाळलं की."

"अहो, पण लग्न!"

"सुरेश, लाकडाला घाई चालत नाही."

हमीदभाई आधी हसले. मग सगळी गच्ची हसली.

पुढे काय? दांडका सावलीत टांगला आणि राखण माझ्याकडे. उन्हात ठेवावा तर तडकेल, तडकला तर सुट्टीच गेली! झोपेतसुद्धा मला तड गेल्याचा आवाज यायचा. सासऱ्यांना फोनवर सांगायचो, "थोडं थांबा, वाळतंय." ते विचारायचे, "काय वाळतंय?" आणि कार्ड संपायचं.

लग्न झालं, पण पुढल्या मोसमात. मुलगी थांबली, हे माझं नशीब. बायको अजूनही माझा ओला टॉवेल दोरीवर टाकताना सगळ्यांदेखत विचारते, "अहो, हा वाळेपर्यंत थांबू, की दुसरं स्थळ बघू?"