मोहाखालची झाडलेली जागा

मार्च १९५८. होळी होऊन गेली होती आणि मी गडचिरोलीच्या पुढच्या जंगलातल्या एका गावात, शाळेच्या पडवीत बिनधुराची चूल लिंपत होते. कोपरापर्यंत माती. मी तेव्हा विकास गटात मुख्य सेविका होते. चुली, शोषखड्डे, बाळंतिणीची निगा असं जे कोणी मागितलेलं नसतं, ते गावोगाव नेऊन देणं हे माझं काम. समोर काही बायका बसून माझी चूल बघत होत्या आणि आपसांत गोंडीत बोलून हसत होत्या. कशाला हसता, हे मी विचारलं नाही.

एवढ्यात गटाची जीप आली. आत आमचे अधिकारी नव्हते, म्हणजे त्यांनी काहीतरी माझ्यावर ढकललं आहे हे मी ओळखलं. खाली उतरला तो एक उंच, काळाभोर, पांढऱ्या शर्टातला माणूस. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पाहुणे आफ्रिकेतले, घानाचे. वकील हायेत. संशोधन करून राह्यले. तुम्हाले इंग्रजी येते, तं तुम्हीच सांभाळा म्हणलं साहेबानं."

घाना वर्षभरापूर्वीच स्वतंत्र झाल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. हात धुऊन मी पाहुण्याला विचारलं, संशोधन नक्की कशाचं?

तो म्हणाला, "आमच्याकडे सरकार नवं, योजना नव्या, कारभार चालवायला माणसं कमी. कायदा राजधानीत होतो. गावात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, जमीन आणि झाडं लोक कोणाची मानतात, हे समजल्याशिवाय एकही योजना उभी राहणार नाही. तुम्ही आमच्यापेक्षा दहा वर्षं पुढे आहात. तुमच्या चुका बघायला आलो आहे."

"त्या भरपूर आहेत," मी म्हटलं.

पण मला ते पटलं नव्हतं. समुद्र ओलांडून कोणी चुका बघायला येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरापेक्षा वेगळंच काही हवं असतं, हा माझा अनुभव. मी स्वतः गावात प्रश्न विचारत फिरते, म्हणून सांगते. गावाचा अनुभव तर आणखी कडू होता. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली त्या सुमाराला असाच कोणी शहरातला माणूस आला होता. सरपण कुठून आणता, बांबू कुठला तोडता, हे गोड बोलून विचारून गेला. त्यानंतर तिथेच बंदी आली. त्याच्या विचारण्यामुळे आली की नाही, देव जाणे. गावाने मात्र हिशेब मनात पक्का धरला होता: आधी प्रश्न येतो, मागून नाकेदार येतो. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. आमचा नाकेदार गावाच्या कडेलाच झोपडी बांधून राहत होता.

पाहुण्याला गावकऱ्यांशी बोलायचं होतं. दुपार कलल्यावर बैठक ठरली. गावचा गायता, म्हणजे पुजारी आणि मुखिया, त्याला मी निरोप दिला आणि चूल संपवून बैठकीच्या जागी गेले. बघते तर पाहुणा बाह्या सावरून एका मोठ्या मोहाखाली खराट्याने पाचोळा झाडतो आहे. नाकेदार बाजूला विडी ओढत उभा.

"पाहुण्याच्या हाताला काम लावलं का, नाकेदारभाऊ?"

"मी तं नको म्हणलं बाई. साहेबाले हौसच मोठी."

मी पाहुण्याला इंग्रजीत विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "आमच्या गावात ज्याने माणसं बोलावली, त्याने जागा झाडायची असते."

जागा त्याने स्वच्छ केली होती, अगदी बुंध्यापासून फांद्यांच्या सावलीपर्यंत. लोक आले आणि त्या झाडलेल्या जागेच्या कडेला थांबले. आत कोणी पाय टाकेना.

"बसा ना, भाऊ," मी गायत्याला म्हटलं.

"बसून का करू, बाई? झाड तं घेतलं तुम्ही."

"कोणतं झाड?"

"हेच. झाडलं ना त्यानं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मोह गळायच्या आधी जो झाडाखालची जागा साफ करतो, त्याचं ते झाड त्या हंगामापुरतं. दुसऱ्याच्या जागेत कोणी खराटा घालत नाही. हे झाड एका विधवेचं होतं, तिच्या सासूच्याही आधीपासून. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती, मीच बघून आले होते, त्या गडबडीत तिचं झाडायचं राहिलं होतं. पावसाळ्यात घरात दुसरं काही नसतं तेव्हा ती माणसं याच झाडाची वाळवलेली फुलं शिजवून खात. मीठ आणि तांदूळही त्यावरच येत. आणि फुलं आजउद्या गळायला लागणार होती.

ती विधवा पुढे आली. आवाज चढलेला. "मले पुसलं काऊन नाई? मी मेली होती का?"

मागून एक म्हातारा बोलला, "गोरे गेले म्हने. आता दुसरे आणले. या वक्ती आपल्यावानीच काळे आणले, वळखू नाई येत म्हणून."

लोक हसले. ती हसली नाही.

नाकेदाराने विडी विझवली. "आता सायबानं झाडलं, तं सरकारी झालं. भांडू नका. सरकारी झाड राखाले मी हावोच."

हे तो फार लवकर बोलला. मी पाहुण्याला सगळं इंग्रजीत सांगितलं. त्याने खराटा खाली टाकला.

"आमच्या उत्तरेकडे एक झाड आहे," तो म्हणाला. "त्याची पडलेली फळं बायका पहाटे वेचतात. कोणाचं कुठलं, हे एकाही कायद्यात लिहिलेलं नाही. मला कळायला हवं होतं. पण मी तर पलीकडच्या त्या वडाखाली बसणार होतो. या माणसाने हाताला चिमटे काढून दाखवलं, की तिथे मुंग्या आहेत. आणि खराटाही त्यानेच दिला."

मी वडापाशी गेले, वाकून मुळांपर्यंत पाहिलं. मुंगी नव्हती. नाकेदाराला या जंगलात इतकी वर्षं झालेली; खराट्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता हे मी मानायला तयार नव्हते. आणि पाहुणा खरंच इतका अजाण होता का, हेही मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं नसतं.

"झाडल्याने लागलेला हा हक्क आता मोडायचा कसा?" मी गायत्याला विचारलं.

त्याने झाडलेल्या जागेवर एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "ज्यानं झाडलं, त्यानंच पाचोळा वापस टाकावा. मंग जिचं हाय ते झाडन."

पाहुण्याने अंगातला शर्ट काढला, त्यात भरभरून पाचोळा आणला आणि सगळ्यांच्या देखत जमिनीवर पसरू लागला. नाकेदार मध्ये पडला. "बाई, सायबाच्या हातून असलं काम!"

"झाडताना चाललं की," मी म्हटलं.

या वेळी तीही हसली, पण पदराआड. जमीन झाकल्यावर तिने आपला खराटा आणून ती पुन्हा झाडली, आणि मगच लोक वडाखाली बसले.

बैठकीत पाहुण्याने झाडाचं नाव काढलं नाही. उलट गायत्यानेच त्याला विचारलं, "तुमच्याकडं कायदा कोन करते?"

"आता आम्हीच."

"आन नाकेदार कोन ठेवते?"

"तोही आम्हीच."

"मंग काई फरक नाई," गायता म्हणाला. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

उठताना नाकेदार कोणाकडे न बघता पुटपुटला, "कोनं झाडलं ते जनावराले का समजते? पहाटे सारं खाऊन जातेत." जनावरं खातात हे खरं होतं. तरी ते आजच का बोलावं, हे मला खुपलं.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी मी मोहाकडे गेले. ती विधवा टोपली घेऊन आलीच होती. फुलं टपटपत होती.

"तुम्ही काऊन आल्या?" तिने विचारलं.

"बघायला."

"का पाहाले?"

"नाकेदार येतो का ते."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग बाहेर बसा. आत पाय नोका ठेवू. आन एक बी फूल उचलू नोका."

मी कडेच्या दगडावर बसले. थोड्या वेळाने पायवाटेने नाकेदाराची बायको आली, हातात रिकामी टोपली. मला बघून थबकली.

"बाई, तुम्ही इथी?"

"हो. तुम्ही?"

"सरपणाले जाऊन राह्यली," म्हणाली आणि आल्या वाटेने परत गेली. टोपली घेऊन सरपणाला कोणी जात नाही.

ऊन वर येईपर्यंत त्या विधवेचं वेचणं चाललं. मग टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली. वाट नाकेदाराच्या झोपडीवरून होती, म्हणून मी तिच्या मागोमाग तिच्या दारापर्यंत चालत गेले.